रोझेशियाच्या चिठ्ठीतली औषधं : पोळ्यापासून नवतप्यापर्यंतचा माझा अनुभव

आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. अशा जिल्ह्यात ज्याचं नाक आणि गाल बारमाही लाल, त्याच्याबद्दल गाव काय समजतं ते सांगायला नको. मी गळ्यात माळ असलेला माणूस, तरी बसस्टँडवर कोणीतरी विचारणारच, "काहून भाऊ, सकायीच घेतली का?" मावसभावानं तर एका लग्नात बाजूला घेऊन समजावलं होतं, की आता वय झालं, लिव्हर सांभाळ.

दुखण्याचं नाव रोझेशिया. ते मी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातल्या त्वचारोग ओपीडीत पहिल्यांदा ऐकलं. मागच्या पोळ्याच्या सुमारास औषधं सुरू झाली, आता नवतपा उलटून मृग लागला. मधल्या काळात चिठ्ठी बरेचदा बदलली. कशानं फरक पडला, कशानं नाही आणि कशाला किती धीर धरावा लागला, ते सगळं इथं लिहितो. मी डॉक्टर नाही, कास्तकार आहे. तुमची चिठ्ठी तुमच्याच डॉक्टरनं लिहायची.

एक गोष्ट मला उशिरा उमगली, ती आधी सांगतो. चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाचं काम वेगळं आणि मुदतही वेगळी. चेहऱ्याची लाली, पूवाळ फोड्या, नाकावरच्या बारीक नसांची जाळी आणि डोळ्यांची चुरचुर अशी चार गाऱ्हाणी घेऊन आपण जातो आणि एकाच ट्यूबकडून चारही मिटतील अशी आशा धरतो. पंधरा दिवसांत चेहरा तसाच दिसला की ट्यूब फेकतो. सोयाबीन शंभर दिवसांत निघते म्हणून तुरीला कोणी दसऱ्याला विळा लावत नाही, पण औषधाच्या बाबतीत आपण नेमकं तेच करतो.

हे दुखणं बहुधा तिशीनंतर सुरू होतं. गाल, नाक, हनुवटी, कपाळाचा मधला भाग इथंच राहतं. फोड्या मुरमांसारख्या दिसतात, पण मुरमांत असतात तसे काळे ठिपके यात नसतात. माझा रंग उजळ म्हणून लाली लगेच दिसली. माझी थोरली बहीण सावळी, तिलाही हेच आहे, पण तिच्या गालावर ते लाल न दिसता तांबूस-काळपट दिसतं. सगळे म्हणत, उन्हानं रापली, नाहीतर वांग आहे. तिला विचारलं तर ती सांगायची की चुलीपुढं बसलं की तोंडाची आग होते, गाल हाताला गरम लागतात. डॉक्टरांनी तिलाही तपासलं तेव्हा म्हणाले, सावळ्या कातडीत लाली शोधत बसू नका, आग आणि गरमपणा विचारा.

आता औषधं. सुरुवात बंद केलेल्या औषधापासून करावी लागेल. सेवाग्रामला जायच्या आधी तालुक्यातल्या एका मेडिकलमधून मिळालेली ट्यूब मी लावत होतो. चिठ्ठी-बिठ्ठी काही नव्हती, चेहरा दाखवला आणि ट्यूब मिळाली. दोन दिवसांत लाली गेली, फोड्या बसल्या, घरची म्हणाली, "पाह्य, किती सोपं होतं." बंद केली की आठवड्याच्या आत सगळं परत, आधीपेक्षा जास्त. पुन्हा लावली की पुन्हा साफ. डॉक्टरांनी ट्यूब उलटीसुलटी करून पाहिली आणि टेबलावर बाजूला ठेवून दिली. स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड चेहऱ्यावर बरेच दिवस लावलं की कातडी पातळ होते, नसा वर दिसायला लागतात आणि रोझेशिया नसलेल्यालाही रोझेशियासारखा चेहरा होतो. आपल्या देशात हा प्रकार इतका आहे की इथल्या त्वचारोग डॉक्टरांनी त्याला 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस' असं वेगळं नावच दिलं आहे. 2018 साली सरकारनं अशी स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तालुक्याला काय चालतं ते तुम्हाला माहीतच आहे.

घरात चेहऱ्याची कुठलीही ट्यूब असेल तर चष्मा लावून बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं एकही नाव दिसलं तर ती डॉक्टरला दाखवल्याशिवाय तोंडाला लावू नका. गोरं करणारी, वांगावरची म्हणून जी मलमं विकतात त्यातही ही नावं सापडतात. आणि बरेच दिवस लावत असाल तर ती कशी सोडायची तेही डॉक्टरलाच विचारा, कारण सोडल्यावर चेहरा आधी बिघडतो. माझा इतका बिघडला की पोळ्याला बैलं घेऊन तोरणाखाली पोरगा गेला, मी घरातच बसलो. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर मी नव्या औषधालाच शिव्या दिल्या असत्या.

पहिल्या चिठ्ठीत मेट्रोनिडाझोलचं जेल होतं. जुलाब थांबवायच्या गोळीत असतं तेच औषध, पण इथं त्याचं काम सूज आणि फोड्या कमी करण्याचं. अमेरिकेत 1988 पासून रोझेशियाला हे वापरतात. पाऊण टक्क्याचं असलं तर सहसा दोन वेळा, एक टक्क्याचं असलं तर एक वेळ. तोंड साध्या पाण्यानं धुवायचं, कोरडं होऊ द्यायचं, हरभऱ्याएवढं जेल घेऊन सगळ्या लाल भागावर पातळ पसरायचं. फोडीवर टिपका ठेवून भागत नाही. चिकट नाही, वास नाही, आग नाही, आणि माझ्या सगळ्या औषधांत हे सर्वांत स्वस्त पडलं. दसऱ्यापर्यंत मला काडीचा फरक दिसला नाही. दिवाळीत नव्या फोड्या येणं कमी झालं, लाली होती तशीच. चांगलं औषध आहे, गरीब स्वभावाचं.

हे घेताना एक काळजी घ्या. मेट्रोनिडाझोल नावाचं जेल हिरड्यांसाठीही मिळतं, त्यात क्लोरहेक्सिडिन मिसळलेलं असतं आणि ट्यूब जवळपास सारखीच दिसते. एका दुकानातून मला तेच हातात मिळालं. पोराच्या नजरेला खोक्यावरचं दाताचं चित्र पडलं म्हणून परत केलं. नाव जुळलं म्हणून ट्यूब उचलू नका, कशासाठी आहे तेही वाचा.

त्यासोबत खायला डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल होती, रोज एक. हीच कॅप्सूल स्क्रब टायफसच्या तापात आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात देतात. गावात बातमी फुटलीच की मला कसलंसं इन्फेक्शन झालं आहे. तसं काही नव्हतं. रोझेशियात डॉक्सिसायक्लिन सूज उतरवण्यासाठी देतात, जंतू मारणं हा हेतू नसतो. म्हणूनच रोझेशियासाठी 40 मिलिग्रॅमची हळूहळू विरघळणारी कॅप्सूल वेगळी काढली आहे, तिचा डोस जंतू मारण्यापुरताही नसतो. मला 100 ची मिळाली.

ही कॅप्सूल घेण्याची रीत औषधाइतकीच महत्त्वाची आहे. पूर्ण पेलाभर पाणी, बसून किंवा उभ्यानं, आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. अन्ननलिकेत अडकली तर तिथं जखम करते. रात्री बाजेवर पडल्या पडल्या तोंडात टाकून घोटभर पाणी पिणारे आपल्याकडं पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो. दुसरं, दूध, कॅल्शियमच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या आणि ॲसिडिटीची औषधं यांच्यासोबत घेतली की ती अंगाला कमी लागते, म्हणून मध्ये दोनेक तासांचं अंतर ठेवायचं. सकाळचा दुधाचा चहा झाल्याशिवाय आमच्याकडं दिवस उगवत नाही, त्यामुळं माझी कॅप्सूल वावरातून आल्यावर, दुपारच्या जेवणाच्या शेवटी ठरली. जेवणानंतरची डुलकी तेवढी गेली.

तिसरं म्हणजे ऊन. डॉक्सिसायक्लिननं कातडी उन्हाला हळवी होते, आणि रोझेशियाचा पहिला शत्रूही ऊनच. वेचणीच्या दिवसांत ही दोन्ही टोकं सांभाळणं सोपं नव्हतं. दुपट्टा नाकापर्यंत बांधला तर आत वाफ धरते आणि चेहरा पेटतो, मोकळा सोडला तर ऊन लागतं. शेवटी रुंद काठाची टोपी घेतली, कपाशीच्या पराटीत पहाटेच शिरायला लागलो आणि ऊन चढायच्या आत बाहेर. फोड्यांवर सगळ्यांत लवकर गुण याच कॅप्सूलचा आला. पण ही कायमची घ्यायची नसते. दिवाळीनंतर डॉक्टरांनी थांबवली. चेहरा साफ होत असताना का बंद केली म्हणून मी थोडा नाराजच होतो.

लेकीसुनांसाठी इथंच सांगून ठेवतो. गरोदरपणात डॉक्सिसायक्लिन चालत नाही. फार हट्टी रोझेशियात आयसोट्रेटिनॉइन कमी डोसमध्ये देतात, ते तर पोटातल्या बाळाला घातकच. दिवस राहिले असतील किंवा राहण्याची शक्यता असेल तर लाजत न बसता आधी डॉक्टरच्या कानावर घाला. अझेलिक ॲसिड त्या मानानं सुरक्षित धरतात.

हे अझेलिक ॲसिडच कॅप्सूलनंतर माझ्या वाट्याला आलं, 15 टक्क्यांचं जेल. नावात ॲसिड पाहून घरची घाबरली होती. गहू, जव अशा धान्यांतही हे सापडतं, असं ऐकल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. लावल्यावर पाच-दहा मिनिटं मुंग्या आल्यासारखं झोंबतं, नंतर आपोआप थांबतं. पहिले काही आठवडे हे होणारच. मी आधी साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर लावून त्यावर जेल लावायला लागलो, तेव्हा झोंबणं बरंच घटलं. फोड्यांना चांगलं आहे आणि फोडी गेल्यावर जो काळा डाग राहतो तोही यानं फिकट होतो. आपल्या रंगाच्या माणसाला डागांचं दुःख फोडीपेक्षा जास्त दिवस पुरतं, त्यामुळं याला मी वरचे गुण देतो. माझ्या बहिणीचं तर यावरच भागलं, तिला पुढचं काही लागलं नाही. मला मात्र हुरड्याच्या दिवसांत थंडीनं कातडी फुटली आणि झोंबणं सहन होईना. बहिणीची कातडी माझ्यापेक्षा तेलकट, तिला हिवाळाभर काही झालं नाही.

मग आलं आयव्हरमेक्टिन. हे नाव चिठ्ठीवर वाचून मी हसलोच. आमच्या गोठ्यात बैलांच्या गोचिडासाठी जे इंजेक्शन आणतो त्यावर हेच नाव. जपानमधल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून निघालेलं हे औषध, त्याच्या शोधाबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना 2015 चं नोबेल मिळालं. माणसाच्या चेहऱ्यावर केसांच्या मुळाशी डेमोडेक्स नावाचे डोळ्यांना न दिसणारे किडे राहतात, मोठ्या माणसांत जवळपास सगळ्यांच्याच. रोझेशियात ते प्रमाणाबाहेर वाढलेले आढळतात. आयव्हरमेक्टिन ते कमी करतं आणि सूजही उतरवतं. चेहऱ्यासाठीची मलई एक टक्क्याची, दिवसातून एकदा, मी रात्री लावतो.

शेजारच्या आबाजींनी लगेच सल्ला दिला, "एवढे पैसे काहून घालतं? गोठ्यातलंच लाव ना थोडंसं." आबाजींचा मान राखून सांगतो, ते मुळीच करू नका. जनावराचं इंजेक्शन जनावराच्या कातडीखाली देण्यासाठी बनवलेलं असतं, त्यातलं प्रमाण आणि त्यात मिसळलेली द्रव्यं माणसाच्या तोंडासाठी नसतात. गोठ्यातली बाटली गोठ्यातच बरी.

एका मोठ्या तपासणीत 16 आठवडे अर्ध्या लोकांना आयव्हरमेक्टिन आणि अर्ध्यांना मेट्रोनिडाझोल दिलं होतं. आयव्हरमेक्टिनवाल्यांच्या फोड्या 83 टक्के कमी झाल्या, मेट्रोनिडाझोलवाल्यांच्या 74 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे फरक आहे, पण स्वस्त औषध टाकाऊ ठरावं एवढा नाही. माझ्यापुरतं म्हणाल तर महाशिवरात्रीला सुरू केलं, होळीपर्यंत काही नाही आणि अक्षय तृतीयेला आरशात पाहताना लक्षात आलं की गालावर एकही फोडी उरलेली नाही. झोंबणं अजिबात नाही. खोट एकच, किंमत. मेट्रोनिडाझोलच्या मानानं कितीतरी महाग, आणि तालुक्याला ठेवतच नाहीत, वर्ध्याहून आणावं लागतं.

उन्हाळ्यात ट्यूब ठेवायची कुठं हाही एक प्रश्नच. तिच्यावर 30 अंशांखाली ठेवा असं छापलेलं. नवतप्यात आमच्या टिनाच्या घरात रात्रीसुद्धा पारा तेवढा खाली येत नाही. एकदा झाकण उघडलं तर आधी नुसतं पाणी आलं, मागून मलई. तेव्हापासून ट्यूब एका झाकणाच्या डब्यात घालून रांजणाजवळ ठेवतो, तिथं जरा गारवा असतो.

नुसत्या लालीसाठी ब्रिमोनिडिनचं जेल असतं. काचबिंदूच्या थेंबांत असतं तेच औषध, नसा आवळून काही तास लाली घालवतं. उतरल्यावर काही जणांची लाली आधीपेक्षा जोरात उसळते. स्टेरॉइडचा तमाशा नुकताच भोगला होता, म्हणून डॉक्टरही नको म्हणाले आणि मीही. डोळ्यांचे थेंब आणून तोंडाला फासण्याचा उद्योग कोणी करू नये.

डोळ्यांचं मात्र कोणी विचारतच नाही. माझ्या डोळ्यांत कायम कचरा गेल्यासारखं व्हायचं, पापण्यांच्या कडा लाल. मी ते धुऱ्यावरच्या धुळीच्या माथी मारत होतो. रोझेशिया डोळ्यांतही उतरतो, आणि दृष्टी धूसर झाली किंवा उजेड सहन होईना तर थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचं. मला कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं स्वच्छ फडकं मिटल्या पापण्यांवर थोडा वेळ ठेवायला सांगितलं, मग पापण्यांच्या कडा हलक्या हातानं पुसायच्या. म्हणजे चेहऱ्याला गार हवं आणि डोळ्यांना कोमट. रोज सकाळी हा सोहळा चालतो तेव्हा नातू समोर येऊन बसतो.

सनस्क्रीनही चिठ्ठीवरच होतं, औषधाच्या रांगेत. झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ 30 च्या वरचं. तोंड पांढरट दिसतं, सालदारानं पहिल्या दिवशी विचारलं, "पावडर लावून वावरात कुठी चालले?" चार दिवसांत त्याचं हसणं थांबलं. घामानं उतरतं, म्हणून दुपारी पुन्हा लावावं लागतं. तिथं मी अजूनही कमी पडतो, कारण मातीच्या हातानं ट्यूब काढायचा कंटाळा येतो.

खाण्याचं ज्याचं त्यानं पाहावं. मला तर्री पोह्यांनी हमखास आग होते, ठेच्यानं होत नाही, असं का ते देवाला माहीत. चहा सोडला नाही. त्रास चहातल्या गरमपणाचा असतो, त्यामुळं बशीत ओतून निवू दिला की चालतो. हिवाळ्यात चुलीवरचं कडक पाणी तोंडावर घेणं तेवढं कायमचं सोडलं.

सध्या कॅप्सूल नाही, रात्री आयव्हरमेक्टिन, सकाळी सनस्क्रीन. फोड्या नाहीत, आग क्वचित, लाली निम्म्यानं उतरली. नाकावरची नसांची जाळी जशीच्या तशी आहे, आणि ती कुठल्याच मलमानं जात नाही. तिला लेझर लागतो, तो नागपूरला होतो, दोन-चार वेळा जावं लागेल आणि खर्च बराच आहे. पोरगा म्हणतो करून टाका. बसस्टँडवरचे लोक काय म्हणायचं ते म्हणोत, सोयाबीनला काय भाव मिळतो ते पाहिल्याशिवाय मी काही नागपूरची गाडी धरत नाही.